ठोक्याच्या मागून

मासळीवाल्या रुझारिननं तिला हाक मारली ती तिच्या नावानं नव्हे. मडगावच्या बाजारात, रविवारच्या गर्दीत, बांगड्यांच्या टोपलीमागून सगळ्यांना ऐकू जाईल अशी ती ओरडली, "अगो ए, तू फाल्यांची बायको ना गं?" किटेरीची बोटं पिशवीच्या बंदाभोवती गार पडली. आजूबाजूला कुणीच वळून पाहिलं नाही. एक बाई कोळंबीवरून घासाघीस करत होती, एक माणूस लिंबं निवडत होता. ज्या हाकेच्या भीतीनं आपण सतरा वर्षं या शहरात लपून राहिलो ती एवढी सहज येते आणि जगाला त्याचं काही नसतं, याचंच तिला आधी विलक्षण वाटलं. इथं ती मिसेस कुलासो होती. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली औषधांचं दुकान, समोर बँक. चर्चमध्ये ती क्वायरची म्हातारी बाई होती, जिच्याशिवाय सोप्रानोच्या मुली सूर सोडतात. आणि गावात, वेलदोरला, ती फाल्यांची बायको होती. त्यांच्या गावात माणसाला एक नाव पाद्री देतो आणि दुसरं गाव देतं. पाद्रीनं दिलेलं कबरीवर लिहितात. गावानं दिलेलं पोरांना जातं, सुनांना जातं, दारातल्या कुत्र्यालासुद्धा जातं. फाल्यां म्हणजे उद्या. तिच्या नवऱ्याच्या, तेवतोनच्या पायात चेंडू आला की तो पास उद्याच मिळेल, म्हणून फाल्यां.

"हो, मीच," ती म्हणाली, आणि आपण नाकारलं का नाही हे तिला कळलं नाही.

"मग इथं काय करतेस? आज मॅच नाही का गावाची? हरलो तर खालच्या गटात. बरोबरी झाली तरी वाचलो म्हणतात. तुझा पोरगा असतो ना तिथं, बाकड्यावर? आमचा घरवाला म्हणतो, फाल्यांच्या पोरानं बसून बसून बाकडं एवढं गुळगुळीत केलंय की आता त्यावर इसवण मासळी कापता येईल." रुझारिन आपल्याच बोलण्यावर हसली आणि हसता हसता तिनं दोन बांगडे जास्त टाकले. "राग मानू नको हां. आज त्याला घेतील. न घेऊन करतील काय? एकाचा घोटा गेला, दुसऱ्याला रेफ्रीनं बाहेर बसवलंय. कोच लिगोरकडे उरलंय कोण? तुझाच फाल्यां."

घरी येऊन तिनं बांगडे साफ केले, मीठ-हळद लावून ठेवले, आणि मग बराच वेळ ती नळाखाली हात धरून उभी राहिली. मुलगा जेरू सकाळीच गेला होता. दर रविवारी जातो तसाच, पंख्यांच्या मोटारींना तार गुंडाळायच्या दुकानाची पिशवी खांद्याला लावून, जणू कामालाच चाललाय. दोघांत तसं ठरलेलं होतं, न बोलता ठरलेलं. तो कुठं जातो हे ती विचारत नव्हती आणि तो सांगत नव्हता. रात्री परतल्यावर पिशवी बाथरूमच्या दाराशी ठेवायचा आणि सोमवारी ती जर्सी धुवायची. हिरवी जर्सी, पाठीवर चौदा. दर सोमवारी ती नाकाशी धरायची. मातीचा वास नाही, घामाचा नाही, फक्त पिशवीतल्या तांब्याच्या तारेचा आणि वॉर्निशचा. कोरी जर्सी. तरीही ती धुवायचीच, साबण लावून, घासून, आणि वाळत घालताना तिला दर वेळी सुटल्यासारखं वाटायचं. आणखी एक आठवडा गेला. आणखी एक आठवडा तो त्या मैदानात उतरला नाही. आई म्हणून हे असं सुख मानणं किती वाईट आहे हे तिला कळत होतं, आणि कळूनही चिमटे लावताना तिच्या ओठांवर एखादी ओळ यायची. पोरगा तेहतिसाचा झाला होता. अजून एक वर्ष, मग कुणी त्याला बाकड्यावरही बसवणार नाही, मग सगळंच संपलं, असा तिचा हिशेब होता. तो हिशेब बांगड्यांच्या टोपलीवर बसलेल्या एका बाईनं हसता हसता मोडला. किटेरीनं हात पुसले, काळे बूट घातले आणि वेलदोरच्या बसमध्ये जाऊन बसली. का, हे विचारायला कुणी नव्हतं. विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

मैदान तेवढंच होतं. जांभ्या दगडाच्या पायऱ्या तेवढ्याच, वरच्या बाजूची चिंच तेवढीच, फक्त चिंचेखाली आता सिमेंटचं बाकडं होतं आणि त्यावर बदली खेळाडू ओळीनं बसले होते. शेवटचा जेरू. कोपर गुडघ्यावर, हनुवटी मुठीवर. बापासारखा बसला होता. तिनं पदर घ्यावा तसा हातरुमाल डोक्यावर घेतला आणि वरच्या पायरीवर, बायकांच्या मागं जागा धरली. कुणी तिला ओळखलं नाही, किंवा ओळखलं आणि सरकून जागा दिली, हे तिला नीट कळलं नाही, कारण त्याच क्षणी बँड सुरू झाला. दोन ट्रम्पेट, एक क्लॅरिनेट आणि मोठा ढोल. ढोलावर इनास. अजून इनासच. केस पांढरे, दंड तेच. वेलदोरची मॅच आणि इनासचा ढोल या दोन गोष्टी कुणी कधी वेगळ्या पाहिल्या नव्हत्या. रेफ्रीच्या शिट्टीबरोबर ढोल सुरू व्हायचा आणि शिट्टीबरोबरच थांबायचा, मधे फक्त हाफटाइमला इनास सोडा प्यायचा. पोरं चालायला लागायची तेव्हापासून त्या ढोलावर धावत. चर्चच्या मागच्या अंगणात अनवाणी खेळतानासुद्धा एक जण डबा बडवायला बसवलेला असायचा. त्याशिवाय खेळ कसा होतो हे त्या गावात कुणाला ठाऊकच नव्हतं.

पहिल्या दहा मिनिटांत समोरच्या संघानं, तोळेंबीवाल्यांनी, गोल केला. पायऱ्यांवर एक सुस्कारा खालून वर चढत आला आणि तिच्यापाशी येऊन थांबला. मग ढोल आणखी जोरात, आणखी जलद. हिरवी पोरं धावत होती. काय धावत होती! जीव तोडून, माना पुढं काढून, आणि प्रत्येक वेळी चेंडू त्यांच्या पायातून निघायचा तो समोरच्याच्या पायात जाऊन पडायचा. "अरे, बघून मारा रे! डोळे काय मिरच्यांना विकले?" समोरची एक बाई ओरडली. "ते बघतायत गं," तिच्या शेजारची म्हणाली, "तोळेंबीवालेच जास्त बघतात." किटेरी खेळ पाहत नव्हती. तिनं डोळे मिटले होते. मिटल्या डोळ्यांनी तिला ते आधी ऐकू आलं, मग कळलं. ढोलाचा ठोका, आणि ठोक्यावर बुटाचा आवाज. ठोका, बूट. ठोका, बूट. हिरव्यांचा एकही पास ठोक्याबाहेर पडत नव्हता. पास कुठं जाणार हे शोधायची तोळेंबीवाल्यांना गरजच नव्हती, कधी जाणार हे त्यांना इनास सांगत होता. त्यांनी फक्त ठोक्यावर पाय घालायचा. चाळीस वर्षं क्वायरमध्ये काढलेल्या तिच्या कानाला जे पाच मिनिटांत ऐकू आलं ते या गावाला जन्मात ऐकू आलं नव्हतं, कारण गाव त्या आवाजाच्या आत राहत होतं. आणि मग, डोळे न उघडताच, तिला दुसरं काहीतरी ऐकू यायला लागलं, ते मैदानातलं नव्हतं.

तेवतोनचा आवाज. क्वायरमध्ये तो तिच्या मागच्या ओळीत उभा राहायचा, बासमध्ये. जुने संगीत-मेस्त्री हातातली काठी लाकडावर आपटून ताल धरायचे, आणि सगळे काठीबरोबर सूर लावायचे, आणि तेवतोन काठीनंतर. अर्धा श्वास नंतर. मेस्त्री चिडायचे. "तेवतोन, तुला आमंत्रण पाठवू का?" सगळ्या मुली हसायच्या, तीही हसायची, तीच जास्त. पण त्या उशिरानं येणाऱ्या आवाजानं काय व्हायचं ते तिच्या पाठीला ठाऊक होतं. सगळ्यांचा सूर आधी उभा राहायचा, भिंतीसारखा, आणि मग तो भरदार आवाज त्या भिंतीखालून पाया सरकवावा तसा यायचा, आणि चर्चचं छप्पर एक वीतभर उंच व्हायचं. ती एकोणीस वर्षांची होती. तिला वाटायचं, आपल्याला ताप येतोय. लग्नात मांडो नाचतानाही तो तसाच. पंखा हलवत ती पुढं यायची, तो तिथंच, आणि ती आता थांबणार, आता लाजेनं वळणार, तेवढ्यात त्याचं पाऊल पडायचं. बरोबर तिथं, जिथं ते पडायला हवं होतं आणि जिथं दुसऱ्या कुणाचं पडलं नसतं. हे सगळं तिला ठाऊक होतं. मग मैदानातच का विसरायला झालं?

हाफटाइमला लिगोर कोच पोरांपुढं पाण्याची बाटली नाचवत बोलत होता. त्याचा आवाज वरपर्यंत येत होता. "जलद! मी काय सांगतोय? अजून जलद! त्यांना श्वास घेऊ देऊ नका!" एक पोरगा वाकून उलटी करत होता. जेरू त्याच्या पाठीवर पाणी ओतत होता. दुसऱ्या डावाची पंधरा मिनिटं गेली तशी मधल्या फळीतला पोरगा पोटरी धरून खाली बसला तो उठलाच नाही. लिगोरनं बाकड्याकडं पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं, पुन्हा पहिल्या टोकाकडं आला. मग त्यानं आकाशाकडं पाहिलं, आणि हात हलवला. जेरू उठला, शर्टाची बटणं काढली. खाली हिरवी जर्सी. पायऱ्यांवर हास्याची एक लाट गेली. "आला रे, फाल्यां आला!" "रेफ्री, उद्याचाही वेळ घेऊन ठेवा!" "लिगोर, अरे बाकडं रिकामं पडलं, त्याला वाईट वाटेल!" याच पायऱ्या. हाच शब्द. तेहतीस वर्षांपूर्वी ती इथंच, तिसऱ्या पायरीवर बसली होती, सात महिन्यांचं पोट घेऊन, आणि पोटात हा होता.

पहिली पाच मिनिटं जेरूनं काहीच केलं नाही. म्हणजे लोकांना तसं वाटलं. चेंडू त्याच्याकडं यायचा, तो त्यावर तळवा ठेवायचा, झोपलेल्या मुलावर हात ठेवावा तसा, आणि मग जवळच्याला द्यायचा. मागं. आडवा. पुन्हा मागं. "अरे, गोल त्या बाजूला आहे, बाबा!" कुणीतरी ओरडलं. पण किटेरीनं डोळे मिटले. ठोका, आणि बूट नाही. ठोका, आणि मग, मागून, अर्ध्या श्वासानं, बूट. तिनं डोळे उघडले. तोळेंबीचा एक दांडगा गडी पाय घालून मोकळाच पडला होता, चेंडू अजून जेरूच्या पायाखाली होता, आणि तो त्या पडलेल्या माणसाला ओलांडून चालत पुढं गेला होता. चालत. आणखी एक आला, तोही आधी आला, तोही चुकला. ते वाईट खेळत नव्हते. ते ठोक्यावर येत होते. सगळं मैदान ठोक्यावर येत होतं आणि हा एकटा त्याच्या मागून येत होता, आणि त्या मागून येण्यात जी एक फट पडत होती त्या फटीत हळूहळू जागा तयार होत होती, आधी पाटाएवढी, मग खोलीएवढी, मग अंगणाएवढी. तिला वाटलं, आपला मुलगा हे करत नाहीये. तो कुणाला तरी करू देतोय. उलटी करणारा पोरगा आता सरळ उभा होता. बाकीची पोरं गोंधळून त्याच्याकडं बघायला लागली होती, आधी रागानं, मग नुसती, मग जसं क्वायरमधली नवी पोरं जुन्या गायकाच्या ओठांकडं बघतात तशी. त्यांची पावलं मंदावली. मंदावली म्हणून ती एकमेकांना दिसायला लागली. एक पास, दुसरा, तिसरा. आता पायऱ्यांवरून कुणी काही ओरडत नव्हतं. समोरच्या बाईनं शेजारणीचा हात धरला होता आणि तिला ते माहीत नव्हतं.

मग ढोल चुकला. इनासच्या हातून ठोका पडला तो भलत्याच जागी, त्यानं सावरायला दुसरा मारला, तोही भलत्याच जागी, आणि मग त्याची काठी हवेत राहिली. ट्रम्पेटवाल्यांनी त्याच्याकडं पाहिलं आणि तेही थांबले. वेलदोरच्या मैदानावर खेळ चालू असताना ढोल बंद आहे असं कुणाच्याच आठवणीत नव्हतं. ऐकू येत होतं ते गवतावरून घसरणारं चामडं, पोरांचे श्वास, दूरवर समुद्र. किटेरीला या मैदानावर समुद्र ऐकू येतो हे आज पहिल्यांदा कळलं. इनास वाकून, डोळे बारीक करून, जेरूच्या उजव्या बुटाकडं बघत होता. बराच वेळ बघत होता. मग त्यानं काठी खाली आणली, हलकेच, बुटाच्या मागून. पुन्हा, मागून. आणि तो ठोका असा होता की तिचे डोळे भरून आले, कारण तो मिरवणुकीचा नव्हता, धावण्याचा नव्हता, तो मांडोचा होता.

वेळ संपत आली होती. लिगोर रेषेवर उभा होता, बाटली हातात, झाकण तोंडात. जेरूला चेंडू मिळाला तो चिंचेच्या बाजूला, मैदानाच्या मध्यापासून दहा पावलं पुढं. ती जागा. तीच. त्या दिवशी तेवतोन तिथंच उभा होता. अंतिम सामना, बरोबरी, शेवटची मिनिटं, आणि चेंडू त्याच्या पायाखाली, आणि तो उभा. दोघे जण त्याच्यावर धावून येत होते. सगळं गाव ओरडत होतं, मार, मार, मार. गावाचं त्यानं कधी ऐकलं नव्हतं, तेव्हाही ऐकत नव्हता. मग ती उठली. पोटावर हात धरून उठली आणि चर्चच्या छपराला लावायचा तो आवाज तिनं लावला, "तेवतोन, मार!" त्यानं वळून पाहिलं. हजारो माणसांत त्याचे डोळे सरळ तिच्यावर आले. आणि त्यानं मारला. तिच्यावर डोळे असतानाच मारला, आणि चेंडू समोरच्याच्या पायात, आणि तिथून आपल्या जाळ्यात. लोक म्हणाले, फाल्यांनं उशीर केला. तिला ठाऊक होतं, त्यानं घाई केली, जन्मात एकदाच. कुणी पाहिलं नव्हतं. तिनं कुणाला सांगितलं नाही. जेवताना नाही, बाळंतपणात नाही, तो बोटीवर नोकरीला गेला तेव्हा नाही, दर वर्षी दोन महिने परत यायचा तेव्हा नाही, शवपेटीवर माती पडली तेव्हाही नाही. गावानं दिलेलं नाव तिनं त्याला लागू दिलं. लोकांना वाटलं, बाईला नावाची लाज म्हणून ती शहरात गेली. ते तसंच राहू दिलं.

आता जेरूवर दोघे धावून येत होते. तो उभा होता. पायऱ्यांना कंठ फुटला, "मार! मार रे!" आणि किटेरीला कळलं की तिचा स्वतःचा गळा उघडतोय. चौसष्ट वर्षांचा गळा, आतून श्वास भरत होता, छाती वर येत होती, ते तिच्या हातात नव्हतं. तिनं डोक्यावरचा रुमाल ओढला आणि तोंडात कोंबला. वरून दोन्ही हात दाबले. श्वास आत घुसमटला, कानात रक्त वाजायला लागलं, आणि ओरडता येत नव्हतं म्हणून तिला पाहावं लागलं. तिनं उजवीकडं पाहिलं. तिकडं एक सडपातळ पोरगा, फ्लाविय नावाचा, नुकता कुठं हलला होता. अजून धावत नव्हता, धावायच्या विचारात होता. आणि त्या पोराच्या मागं तिला तेहतीस वर्षांपूर्वीचा उजवा कोपरा दिसला, जिकडं तिनं त्या दिवशी पाहिलंच नव्हतं. तिकडं कोण होतं? दोमिंग. दोमिंग हलला होता. दोमिंग धावायच्या विचारात होता. तेवतोन त्याच्यासाठी थांबला होता. घाबरून नाही, सुस्तपणानं नाही, विसरून नाही. जे अजून झालेलं नव्हतं ते त्याला दिसत होतं, आणि ते व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा तो देत होता. दोन ठोके. फक्त दोन ठोके हवे होते. "देवा," ती रुमालात म्हणाली. पहिला ठोका. दांडगा गडी जेरूच्या अंगावर आला. दुसरा. मागच्यानंही आपली जागा सोडली. आणि मग, ठोक्याच्या मागून, अर्ध्या श्वासानं, मांडोत पाऊल टाकावं तसा जेरूचा पाय हलला. चेंडू दोघांच्या मधून गेला, इतका हळू की ती त्याचे टाके मोजू शकली असती, आणि जिथं कुणीच नव्हतं तिथं तो पोचला तेव्हा तिथं फ्लाविय होता.

गोल झाल्यावर गावानं काय केलं ते तिला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. ती खाली बसली होती आणि तिच्या हातात ओला रुमाल होता. बरोबरी. वाचले. बँड काहीतरी वाजवत होता, एक म्हातारा ट्रम्पेटवाल्याचा मुका घेत होता. जरा वेळानं इनास ढोल पाठीवर टाकून पायऱ्या चढत तिच्यापर्यंत आला आणि दम खात उभा राहिला. "किटेर, तू आलीस होय! उगाच काही समजू नको हां," तो म्हणाला. "हात दुखायला लागले म्हणून हळू वाजवलं. सत्तर पार केली मी."

"मी कुठं काय म्हटलं?" ती म्हणाली.

"नाही, हे लिगोर वगैरे म्हणतील काहीतरी." तो जरा घुटमळला. "तेवतोनसाठी आपण जरा जलदच वाजवत होतो, नाही?" आणि उत्तराची वाट न बघता खाली उतरून गेला.

पायऱ्या रिकाम्या झाल्या. ऊन चिंचेच्या शेंड्यावर गेलं होतं. जेरू आला आणि तिच्या शेजारी एक पायरी सोडून बसला. त्याला ती इथं दिसल्याचं काही वाटलं आहे असं त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. त्यानं जर्सी काढून दिली, शर्ट चढवला. जर्सीला लाल माती होती, एक बाही खांद्याशी उसवली होती, आणि ती ओली, जड, माणसासारखी जड होती.

"बांगडे मिठात आहेत," ती म्हणाली.

"बरं."

"भूक लागली असेल."

"लागलीय." तो बुटाची नाडी सोडत होता. "माय, तू तोंडात रुमाल का कोंबला होतास? मला वाटलं चक्कर आली तुला."

"चेंडू पायात असताना बघत होतास होय इकडंतिकडं?"

"वेळ होता," तो म्हणाला.

तिनं जर्सी मांडीवर पसरली. मातीचा डाग अंगठ्यानं घासला, तो आणखी पसरला. मैदानावर दोन कुत्री गोलाच्या जाळ्याशी झोंबत होती. "त्या दिवशी," ती म्हणाली, आणि तिला वाटलं की आपला आवाज आपला राहिला नाही, "तुझ्या पप्पांनी उशीर केला नव्हता. मी ओरडले. माझं ऐकून मारला त्यांनी."

"ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"पप्पांनीच. बोटीवरून यायचे तेव्हा ओहोटीला वाळूवर मला शिकवायचे ना. मी एकदा विचारलं, सगळं मैदान ओरडत होतं, कधी कुणाचं ऐकलं नाही, मग त्या दिवशी का ऐकलंत?" जेरूनं बूट काढला, उलटा करून त्यातली माती झटकली. "म्हणाले, मैदान कुठं ऐकलं, मी एकच आवाज ऐकला. एवढ्या हजार माणसांत तुझ्या आईचा आवाज नेमका मला ओळखू आला, याचंच इतकं नवल वाटलं की पाय आपोआप चालला."

किटेरीनं डागावरचा अंगठा उचलला. मग तिनं विचारलं, "चूक झाली, असं नाही म्हणाले?"

"नाही. नवल, असंच म्हणाले. दर वेळी."

खाली रस्त्यावर मडगावची बस येऊन उभी राहिली. कंडक्टरनं दोनदा शिट्टी मारली. "चला, चला, कोण आहे वर?" जेरू उठला, त्यानं तिला हात दिला. तिनं तो लगेच घेतला नाही. मांडीवरची जर्सी तिनं सारखी केली, उसवलेली बाही चांगल्या बाहीवर आणली, पाठीवरचा चौदाचा आकडा आत राहील अशी तिची घडी घातली, तीही पसंत पडली नाही म्हणून मोडली आणि पुन्हा घातली. बसनं हॉर्न दिला.

"माय, जाईल ती."

"थांबेल," ती म्हणाली.